पगार की बिल : रेडिओतल्या नोकरीचा हिशेब

मागच्या महिन्यात कळव्यातल्या आमच्या सोसायटीतली एक मुलगी घरी आली. नुकतीच पदवी झालेली, एकांकिका स्पर्धांमध्ये आवाज घडलेला. मुंबईतल्या एका खासगी एफएम स्टेशनने तिला आरजे म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. हातात अकरा पानांचा करार. "मावशी, तुम्ही चौदा वर्षं रेडिओत होतात ना, जरा वाचून सांगा. सही करू का?"

करार उघडण्याआधी मी कपाटातून माझी फाईल काढली आणि दोन कागद तिच्यापुढे ठेवले. एक फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, २०११-१२ सालचा. दुसरा फॉर्म १६-अ, म्हणजे पगाराव्यतिरिक्तच्या पैशांतून कापलेल्या कराचा, त्याच्या पुढच्या वर्षाचा. कंपनी तीच, माझी खुर्ची तीच, सकाळचा शोही तोच. पहिल्या कागदावर मी कर्मचारी आहे. दुसऱ्यावर मी 'व्यावसायिक सेवा' पुरवणारी बाहेरची व्यक्ती आहे आणि माझ्या बिलातून दहा टक्के कर कापलेला आहे. मध्ये एवढंच घडलं होतं, की एका दुपारी प्रोग्रामिंगच्या सगळ्यांना बोलावून सांगितलं, यापुढे तुम्ही रिटेनरवर, म्हणजे पगार नाही, दरमहा बिल लावून पैसे घ्यायचे, महिन्याला सहा हजार जास्त हातात पडतील. मी सही केली. घराचे हप्ते चालू होते आणि सहा हजार ही मोठी रक्कम होती.

रेडिओतली नोकरी समजून घ्यायची तर या दोन कागदांतला फरक आधी कळायला हवा. पगारी माणसाच्या मूळ पगारातले बारा टक्के भविष्यनिर्वाह निधीत जातात आणि कंपनीलाही तेवढाच वाटा द्यावा लागतो. ग्रॅच्युइटीसाठी जुन्या कायद्यात सलग पाच वर्षं लागत. हिशेब असा, शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. ही बेरीज २६ हजार असेल तर दर वर्षाचे १५ हजार. मला २००६ ते २०१२ या सहा वर्षांची ग्रॅच्युइटी मिळाली. नंतरची आठ वर्षं मी तिथेच, त्याच कामावर होते, पण त्यांची ग्रॅच्युइटी शून्य, पीएफही शून्य. सहा हजारांची किंमत मला आठ वर्षांनी कळली.

बिलावर काम करणाऱ्याला भरपगारी रजा नाही, बाळंतपणाची रजाही नाही. आमची एक कॉपीरायटर बाळंत होऊन अडीच महिन्यांत परत आली, कारण बिल टाकलं नाही तर पैसे नाहीत. प्रॉडक्शनच्या छोट्या बूथचा लाल दिवा लावून ती आत बाळासाठी दूध काढून ठेवायची. दिवा लाल असला की रेकॉर्डिंग चालू आहे असं समजून कुणी दार उघडत नाही. हे मी रोज पाहत होते आणि ही पद्धतच आहे असं धरून चालले होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कागदावर 'व्यावसायिक' लिहिलं म्हणजे विषय संपला असं कायदा मानत नाही, हे मात्र त्या मुलीला मी मुद्दाम सांगितलं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कपडे शिवून देणाऱ्या एका दुकानाचा खटला आला होता. कारागीर नगावर पैसे घ्यायचे, येण्याजाण्याची वेळ सैल होती, म्हणून मालकाचं म्हणणं, हे माझे नोकर नाहीत. न्यायालयाने पाहिलं की शिलाई मशिनं दुकानाची आहेत आणि शिवण पसंत पडली नाही तर ती उसवून परत करायला लावण्याचा अधिकार मालकाचा आहे. कारागीर नोकर ठरले. आता स्टुडिओ डोळ्यांपुढे आणा. माइक, कन्सोल, सॉफ्टवेअर सगळं कंपनीचं. गाण्यांची यादी आधीच ठरलेली. दोन गाण्यांमधलं बोलणं, म्हणजे लिंक, किती सेकंदांची हे प्रोग्रामिंग हेड ठरवणार, शिफ्ट चुकली तर जाब विचारणार. हे सगळं दाखवून भांडता येतं. अडचण अशी की भांडायला कोर्टात जावं लागतं आणि मुंबईत खासगी स्टेशनं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. खासगी एफएमच्या परवान्यात ठाणे, नवी मुंबई वेगळी धरत नाहीत, आपण सगळे 'मुंबई'तच मोडतो. त्यामुळे ऐरोलीत राहा नाहीतर कळव्यात, काम त्याच चार-सहा दारांमागे. एका दाराशी भांडलेल्याला दुसरं दार उघडेल का, ही धास्ती कुठल्याही कलमापेक्षा जास्त काम करते.

मग कंपन्या असं का करतात? पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते पाहिलं की बरंच उलगडतं.

रेडिओ ऐकणारा एक पैसाही देत नाही. खासगी एफएमचं जवळजवळ सगळं उत्पन्न जाहिरातींचं, आणि जाहिरातीचा भाव दहा सेकंदांवर. खर्चाचं तसं नाही. पहिला खर्च परवान्याचा. २०१५ च्या लिलावात मुंबईच्या एका वारंवारतेची बोली सव्वाशे कोटींच्या आसपास गेली होती, तीही पंधरा वर्षांसाठी. शिवाय दरवर्षी एकूण उत्पन्नाचे चार टक्के सरकारला, ठरावीक किमान रकमेपेक्षा कमी चालत नाही. गाण्यांचं मानधन, टॉवरचं भाडं, ट्रान्समीटरची वीज हे वेगळंच. यातलं काहीही मालकाला पुढच्या महिन्यात निम्मं करता येत नाही. महिन्याभरात कमी करता येते अशी एकच गोष्ट उरते, माणसं. आणि माणसं रिटेनरवर असली की तेही एका मेलमध्ये होतं.

हा रोग जुना आहे. भारतात नियमित रेडिओ प्रसारण सुरू करणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगीच होती. २३ जुलै १९२७ ला तिचं मुंबई केंद्र सुरू झालं आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली, कारण खर्च ठरलेला होता आणि रेडिओसंचाचा परवाना घेऊन ऐकणारे फार थोडे निघाले. पुढे सरकारने ती चालवायला घेतली आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. खासगी एफएमच्या पहिल्या फेरीतही तेच. लिलावात भरमसाट बोली लावलेल्या, वर परवाना शुल्क दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणार. बोली लावणाऱ्या कित्येकांनी स्टेशन सुरूच केलं नाही. शेवटी २००५ मध्ये सरकारने पद्धत बदलून एकदाच प्रवेश शुल्क आणि मग उत्पन्नाचे चार टक्के असं केलं. त्यामुळे स्टेशनं वाढली आणि माझ्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या.

२०१५ मध्ये बोली लावणाऱ्यांनी पुढच्या पंधरा वर्षांची कमाई गृहीत धरली होती. वर्षभरात जिओ आलं आणि मोबाईल डेटा स्वस्त झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी. २०१७ मध्ये रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा, आणि जीएसटी. घोडबंदर रोडपासून पनवेलपर्यंतच्या बिल्डरांच्या जाहिरातींवर आमचा सकाळचा शो चालायचा. रेरा नोंदणी होईपर्यंत जाहिरात करता येत नव्हती, तेव्हा कित्येक स्पॉट एका झटक्यात थांबले. पुढे कोविड. २०१९ मध्ये देशातल्या रेडिओ व्यवसायाचं उत्पन्न सुमारे ३,१०० कोटी होतं, २०२० मध्ये ते १,४०० कोटींच्या घरात आलं.

इथपर्यंत बाजाराचा दोष आहे असं म्हणता येईल. गैरकारभार म्हणजे काय, ते मी एका मार्च महिन्यावरून सांगते. आर्थिक वर्ष संपत आलेलं आणि सेल्सचं टार्गेट अपुरं. मग जाहिरातदारांना सवलत सुरू झाली, दहा स्पॉट घ्या, दहा बोनस. जाहिरातींचं वेळापत्रक लावणाऱ्या विभागाला रेडिओत ट्रॅफिक म्हणतात. आमच्या ट्रॅफिकमधली मुलगी रात्री नऊला लॉग, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक, घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. सकाळी आठ ते नऊच्या तासात बावीस मिनिटं जाहिराती भरल्या होत्या. "यात गाणी कुठे लावू?" तिने विचारलं. मी वरती फोन केला. उत्तर आलं, मार्चपुरतं करा. मार्चमध्ये ऐकणाऱ्यांनी स्टेशन बदललं, एप्रिल-मेमध्ये ऐकणाऱ्यांचे आकडे पडले. हे आकडेही समजून घ्या. मुंबईसारख्या शहरात ४८० श्रोत्यांनी भरलेल्या डायऱ्यांवरून ते काढले जायचे. जूनमध्ये सकाळचा आरजे बदलला, 'आवाज जुना झाला' म्हणून. मार्चमध्ये टार्गेट गाठल्याचा इन्सेन्टिव्ह ज्यांना मिळाला, त्यांना जूनमध्ये कुणी काही विचारलं नाही.

चुकीचा निर्णय एका मजल्यावर होतो आणि त्याची भरपाई दुसऱ्या मजल्यावर करतात. बाहेरच्या ऐकणाऱ्याला वाटतं, आरजेचं काहीतरी बिनसलं असेल.

दुसरा प्रकार नेटवर्क शोचा. एका शहरात रेकॉर्ड करायचं आणि अनेक शहरांत वाजवायचं, म्हणजे गावोगावचे आरजे कमी करता येतात. अमेरिकेने हा रस्ता आपल्या आधी तुडवलाय. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभर किती स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादा उठवली. क्लिअर चॅनल नावाच्या कंपनीकडे काही वर्षांत बाराशेच्या वर स्टेशनं झाली. २००८ मध्ये गुंतवणूकदारांनी ती विकत घेतली, खरेदीसाठी काढलेलं कर्ज तिच्याच डोक्यावर चढवलं आणि २०१८ च्या मार्चमध्ये ती, तोपर्यंत आयहार्टमीडिया झालेली, सुमारे वीस अब्ज डॉलरचं कर्ज घेऊन दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. त्यातून बाहेर आल्यावर जानेवारी २०२० मध्ये शेकडो लोकांना घरी पाठवलं. माणसं कमी केल्यावर काय होऊ शकतं याचं एक उदाहरण नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावाचं देतात. जानेवारी २००२ मध्ये तिथे मालगाडी घसरली आणि गावावर अमोनियाचा ढग आला. गावातली सहाही व्यापारी स्टेशनं याच कंपनीची, आणि पहाटे पोलिसांना स्टेशनमध्ये फोन उचलणारं कुणी मिळेना. पोलिसांची स्वतःची इशारा यंत्रणाही चालली नाही, त्यामुळे दोष कुणाचा यावर पुढे वाद झाला. पण संकटाच्या वेळी स्टुडिओत जिवंत माणूस हवा, यावर माझ्या मनात तरी वाद नाही.

कारण २९ ऑगस्ट २०१७ ला मी स्टुडिओत होते. मुंबई पाण्याखाली गेली, लोकल ठप्प झाल्या, दुपारच्या शिफ्टची माणसं पोचूच शकली नाहीत. सकाळी सहाला बसलेला आरजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उठला नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण वाहतूक, हवामान, पाणी, वीज, आपत्तीच्या सूचना यांना नियमात बातमी धरत नाहीत. तेवढ्या खिडकीतून आम्ही बोलत राहिलो. घणसोलीच्या एका बाईंचा फोन आला, मुलगा परळला अडकलाय, मोबाईल बंद, तुम्ही नाव घ्या. आम्ही नाव घेतलं. तासाभराने तो मुलगा एका दुकानदाराच्या फोनवरून बोलला, ऐकलं म्हणाला, शाळेत थांबलोय आईला सांगा. त्या चोवीस तासांचं जादा बिल आम्ही कुणी लावलं नाही. तसं मनातही आलं नाही.

निष्ठा म्हणतात ती हीच. रेडिओतली माणसं कंपनीशी बांधलेली असतात असं मला कधी वाटलं नाही. ती त्या घणसोलीच्या बाईंशी बांधलेली असतात. व्यवस्थापनाला हे चांगलं ठाऊक असतं आणि ते त्यावर निर्धास्त असतं. २०२० च्या टाळेबंदीतही तेच झालं. आमच्या आरजेने कपाटात बसून, अंगावर गोधडी घेऊन लिंक रेकॉर्ड केल्या, घुमणारा आवाज मारायला घरात तेवढंच होतं. एप्रिलमध्ये आमच्या बिलात तीस टक्के कपात झाली, आम्ही मान्य केली. जुलैमध्ये सात मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर नऊ जणांना सांगितलं, करारानुसार सात दिवसांची सूचना. लॅपटॉप न्यायला कुरिअरवाला आला होता. चौदा वर्षांनी मला ऑफिसमधला माझा डबासुद्धा आणता आला नाही.

सात दिवस, कारण करारात सात लिहिले होते. पगारी कामगाराला कमी करायचं तर कायदा एक महिन्याची सूचना किंवा त्याचा पगार मागतो आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांमध्येही ते आहे, शिवाय नवं कौशल्य शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांचं वेतन. पण हे 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यालाच. व्यवस्थापकीय काम करणारा त्यात नाही, आणि देखरेखीचं काम करणारा अठरा हजारांच्या वर वेतन घेत असेल तर तोही नाही. म्हणून कुणी असिस्टंट मॅनेजर असं कार्ड छापून दिलं तर आनंद जरूर करा, पण रोज प्रत्यक्षात काय काम करता त्याची नोंद ठेवा. कोर्ट हुद्द्याच्या नावापेक्षा कामाकडे बघतं. आरजेची गोष्ट आणखी अवघड. त्याचं काम कौशल्याचं धरायचं की सर्जनशील म्हणून व्याख्येबाहेर ठेवायचं, यावर वाद घालता येतो. नव्या संहितेत पत्रकाराच्या व्याख्येत रेडिओचाही उल्लेख आला आहे, पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्यांचीच बंदी, मग तिथला आरजे पत्रकार ठरवायचा कसा?

आणि कंपनीच बुडाली तर? हे काल्पनिक नाही. बिग एफएम चालवणारी रिलायन्स ब्रॉडकास्ट नेटवर्क २०२३ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, २०२४ मध्ये सफायर मीडियाची योजना मंजूर झाली आणि स्टेशन वाचलं. पण नवा मालक मिळाला नाही आणि कंपनी मोडीत निघाली तर पैसे वाटायचा क्रम दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. तो पंगतीसारखा समजून घ्या. आधी प्रक्रियेचा खर्च. मग पहिल्या पंगतीला कामगारांचं चोवीस महिन्यांचं देणं आणि तारण असलेल्या बँका शेजारी शेजारी. दुसऱ्या पंगतीला इतर कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकार, आणि उरलंसुरलं तर बाकीचे देणेकरी. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा निधी या वाटपाबाहेर सुरक्षित असतो. बिल लावणारा माणूस त्या 'बाकीच्यां'त बसतो, स्टेशनला झेरॉक्सचा कागद पुरवणाऱ्याच्या शेजारी. तोपर्यंत भांडी घासायला गेलेली असतात.

सरकारी रेडिओत तरी सुरक्षितता असेल, असं त्या करार घेऊन आलेल्या मुलीच्या आईने विचारलं. आकाशवाणीचे कायम कर्मचारी सुरक्षित आहेत. पण निवेदनाचं बरंचसं काम नैमित्तिक उद्घोषक करतात, महिन्याला सहा ड्युट्यांच्या हिशेबाने, कित्येकजण वर्षानुवर्षं. २००६ च्या उमादेवी निकालाने अशा नेमणुकांना कायम होण्याचा हक्क नाकारला. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की वर्षानुवर्षं राबवलेल्या माणसांना दूर ठेवण्यासाठी उमादेवी निकालाची ढाल करू नका. त्या खटल्यातल्या बायका केंद्रीय जल आयोगात साफसफाईचं काम करत होत्या. आवाजाचं काम करणाऱ्यांना त्याचा किती उपयोग होतो हे पुढच्या खटल्यांवर ठरेल.

मग आम्ही तिचा करार वाचला. सूचना सात दिवसांची, माझ्यासारखीच. करार संपल्यावर बारा महिने मुंबईतल्या दुसऱ्या कुठल्याही स्टेशनवर काम करायचं नाही, असं एक कलम. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन निरर्थक ठरतं. तरी ते लिहितात, कारण वाचणारा घाबरतो. आठव्या पानावर मी थांबले. 'आवाजाचे सर्व हक्क, सध्याच्या व भविष्यातील सर्व तंत्रज्ञानासाठी, कायमचे.' म्हणजे उद्या संगणकाने तिच्या आवाजाची नक्कल तयार केली, तर शो तिच्या आवाजात चालेल आणि ती घरी असेल. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय एआयने नक्कल करायला मनाई केली होती. त्यात परवानगी हा शब्द महत्त्वाचा. ती परवानगी हे कलम आधीच काढून घेत होतं.

तिने मेल लिहिला, चार मागण्या, साध्या भाषेत. सूचना तीस दिवसांची हवी. बारा महिन्यांची अट काढा. आवाजाची नक्कल करायची तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. आणि रिटेनरऐवजी ठरावीक मुदतीची नोकरी द्या, कारण नव्या संहितेत तशा कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. सहा दिवसांनी उत्तर आलं. तीस दिवस मान्य. बारा महिन्यांचे सहा केले. आवाजाच्या कलमात बदल शक्य नाही. नोकरीचं म्हणाल तर कंपनीचं तसं धोरण नाही.

तिने सही केली. मीही तिच्या वयात केली असती. शनिवार-रविवार रात्री नऊ ते बारा असा शो मिळालाय. पहिल्या आठवड्याचा ड्युटीचा तक्ता ग्रुपवर आला तेव्हा तिने त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला, खाली प्रोग्रामिंग हेडचं नाव आणि 'वेळेआधी अर्धा तास हजर राहणे बंधनकारक' अशी ओळ. मी तिला तो तारखेसकट छापून फाईलमध्ये लावायला सांगितला. रिकामी फाईल माझ्याकडे होतीच, ती तिच्या आईकडे देऊन आले.